चिकित्सक बुद्धी : सर्व विद्याशाखांचे समान फलित

(संघाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील मुलेमुली सांप्रत नाना विद्याशाखांत शिकत आहेत. कोणी वाणिज्य, कोणी अभियांत्रिकी, कोणी वैद्यक, तर कोणी संस्कृत वा इतिहास घेऊन पदवी मिळवीत आहे. अशा वेळी आमच्या मनात एक प्रश्न वारंवार उभा राहतो. एकाने जमाखर्च शिकावा, दुसऱ्याने पूल बांधण्याचे शास्त्र शिकावे, तिसरीने महाभारत वाचावे, आणि तरीही त्या तिघांस आपण 'पदवीधर' हेच एक नाव द्यावे, हे कशाच्या आधारावर? विषय जर भिन्न, पुस्तके भिन्न, परीक्षाही भिन्न, तर या सर्वांच्या अंगी समान असे काय यावे म्हणून समाजाने त्यांस एका पंक्तीत बसवावे?

या प्रश्नाचे उत्तर आज जगभरातील शिक्षणशास्त्रज्ञ एका शब्दात देतात. तो शब्द म्हणजे चिकित्सक विचार. आपल्या देशातही हा शब्द आता सरकारी कागदोपत्री रूढ झाला आहे. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याचा पुनःपुन्हा उच्चार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीधराच्या अंगी असावयाच्या गुणांची जी यादी केली, तीतही तो आहे. अभियांत्रिकीच्या पदव्यांस परस्परमान्यता देणाऱ्या 'वॉशिंग्टन करारा'चा आपला देश २०१४ साली कायम सभासद झाला. त्या कराराच्या पाठीशी असलेली पदवीधरांच्या गुणांची यादी २०२१ साली सुधारण्यात आली, तेव्हा आजन्म शिकत राहण्याच्या वृत्तीच्या जोडीला चिकित्सक विचारही तीत स्पष्ट शब्दांत आला. महाविद्यालयांचे मूल्यांकन होते, तेव्हा प्रत्येक अभ्यासक्रमाची 'फलिते' लिहून द्यावी लागतात, आणि त्या रकान्यांतही हा शब्द नियमाने लिहिला जातो.

परंतु बंधुभगिनींनो, शब्द लिहिला गेला म्हणजे अर्थ ठरला, असे होत नाही. एकाच महाविद्यालयातील तीन प्राध्यापकांस याचा अर्थ विचारून पाहावा. गणिताचे अध्यापक म्हणतील, सिद्धता तपासता येणे. वाङ्मयाचे म्हणतील, कलाकृतीचे रसग्रहण करून मत देता येणे. वाणिज्याचे म्हणतील, व्यवहारातील अडचण सोडविता येणे. तिन्ही उत्तरे आपापल्या ठिकाणी खरी आहेत, पण ती शेजारीशेजारी ठेवली की विद्यार्थ्याच्या हाती काय लागते? तो तीन वर्षांत तीन निरनिराळ्या सवयी शिकतो, आणि त्या एकाच गुणाची अंगे आहेत हे त्यास कोणीच सांगत नाही. वर्गात प्रमेयाची प्रत्येक पायरी तपासून पाहणारा तरुण घरी आल्यावर भ्रमणध्वनीवर आलेला कोणताही मजकूर डोळे मिटून दहा जणांस पाठवितो, त्याचे मूळ येथे आहे. त्याची बुद्धी तीक्ष्ण झाली खरी, परंतु ती विषयाच्या दप्तरात बांधून ठेवलेली राहिली.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'चिकित्सा' हा शब्द वैद्यकाचा. रोग ओळखून त्यावर उपाय करणे, हा त्याचा मूळ व्यवहार. गंमत अशी की, आपल्या घरांत मात्र तो निंदेनेच वापरला जातो. 'फार चिकित्सा करू नकोस,' असे आपण मुलास म्हणतो, तेव्हा त्याने निमूटपणे जेवावे, निमूटपणे ऐकावे, असा आपला भाव असतो. चिकित्सक म्हणजे नसत्या खोड्या काढणारा, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली. वास्तविक वैद्य नाडी पाहतो ती रोग्याचा दोष काढण्यासाठी नव्हे, तर त्यास बरे करण्यासाठी. विचाराची चिकित्साही तशीच असावयास हवी.

हा भेद आपल्या पूर्वसूरींनी फार पूर्वी जाणला होता. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय ते कळावे म्हणून केलेली चर्चा तो वाद. आपणच जिंकावे या ईर्षेने केलेली तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे केवळ खोडीत बसणे ही वितंडा. तसेच अनुमानाचे पाच अवयवही त्यांनी सांगितले. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. तेथे धूर दिसतो म्हणून, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. येथेही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. यापुढे जाऊन, हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला जो 'हेत्वाभास', त्याचेही प्रकार त्यांनी वर्णिले. अर्थात प्राचीनांनी सर्व काही सांगून ठेवले आहे, असे म्हणण्याचा आमचा आशय नाही. विधान आणि आधार यांस वेगळे करून पाहण्याची शिस्त या मातीस परकी नाही, इतकेच आमचे म्हणणे.

आता निरनिराळ्या विद्याशाखांत ही शिस्त कशी वागते, ते चार उदाहरणांनी पाहू.

पहिले उदाहरण पुण्यातील. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ साली झाली, आणि १९१९ साली तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य सुरू झाले. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर हे त्याचे प्रमुख संपादक होते. नाना लिपींतील १२५९ हस्तलिखिते जमवून ताडून पाहण्यात आली, आणि १९६६ साली हे कार्य पूर्णत्वास गेले. एखादा श्लोक मूळचा की मागाहून घातलेला, हे ठरविताना 'आम्हांस तो आवडतो' किंवा 'लहानपणापासून आम्ही तो ऐकत आलो' हा निकष तेथे नव्हता. एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या हस्तलिखित-परंपरा त्यास साक्ष देतात काय, हा निकष होता. व्यासांचे लेखक म्हणून श्रीगणपती बसले, ही आपणां सर्वांच्या परम प्रीतीची कथा. परंतु साक्ष पुरेशी नाही म्हणून संपादकांनी ती मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. त्यांनी ती फाडून टाकली नाही, हेही ध्यानात घ्यावे. जे वगळले ते टीपांत व परिशिष्टांत छापले, यासाठी की उद्या कोणास आमचा निर्णय चुकीचा वाटला तर त्यास तो तपासता यावा. श्रद्धेचा अवमान न करता चिकित्सा कशी करावी, याचा याहून उत्तम धडा आमच्या पाहण्यात नाही.

दुसरे उदाहरण वैद्यकाचे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. रोग घाणीतून येतो, हवेतून येतो, जमिनीतून येतो, अशी नाना मते होती, आणि त्या मतांच्या भरवशावर लोकांची घरे उघडी करण्यात आली, सामान जाळण्यात आले. १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत एक साधा प्रयोग केला. पिसवा असलेला प्लेगग्रस्त उंदीर एका बरणीत ठेवला आणि निरोगी उंदीर त्यास स्पर्श होणार नाही अशा पिंजऱ्यात वर टांगला; काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. परंतु तेवढ्यावर न थांबता त्यांनी उलट बाजूही तपासली. पिसवा नसलेला आजारी उंदीर निरोगी उंदरांत सोडला, तेव्हा त्यांस रोग झाला नाही. तत्कालीन सरकारी आयोगास हे पटले नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत परळ येथे पद्धतशीर प्रयोग झाले, पिसू पोहोचू शकेल अशी आणि पोहोचू शकणार नाही अशी जनावरे वेगवेगळी ठेवून पाहण्यात आली, तेव्हा कोठे ही गोष्ट निर्विवाद ठरली. मोठ्या पदावरील माणसांचे मत आणि पुरावा यांत अंतर असू शकते, आणि ते अंतर प्रयोगानेच मिटते, हा येथील बोध.

तिसरे उदाहरण अभियांत्रिकीचे व अमेरिकेतील. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर सुमारे ७३ सेकंदांत नष्ट झाले व त्यातील ७ जण मृत्युमुखी पडले. अग्निबाणाचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या थंडीत निकामी होतील, अशी भीती अभियंत्यांनी आदल्या रात्री व्यक्त केली होती. परंतु आधीच्या उड्डाणांचे आकडे पाहताना ज्या उड्डाणांत कड्यांस इजा झाली, तेवढीच उड्डाणे विचारात घेतली गेली. तेवढ्यावरून थंडीचा संबंध स्पष्ट दिसेना. इजा न झालेली उड्डाणेही सोबत मांडली असती तर चित्र निराळे दिसले असते, हे नंतरच्या चौकशी आयोगाने दाखवून दिले. ६६ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक तापमानात झालेल्या २० उड्डाणांपैकी केवळ ३ उड्डाणांत दोष आढळला होता. ६३ अंश वा त्याहून कमी तापमानातील चारही उड्डाणांत तो आढळला होता. अपघाताच्या दिवशी उड्डाणस्थळी तापमान होते सुमारे ३६ अंश. ते अभियंते आपल्या विषयात निष्णात होते, आकडेही खोटे नव्हते. फक्त जे आकडे समोर नव्हते त्यांची विचारणा वेळेवर झाली नाही.

चौथे उदाहरण वाणिज्याचे. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबाद येथील 'सत्यम' या संगणक कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की, वह्यांत दाखविलेल्या ५३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिल्लकेपैकी ५०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळलेला होता. बेरजेत चूक नव्हती. बँकेतील शिल्लकेची खातरजमा बँकेकडून परस्पर करून घ्यावी, हा लेखापरीक्षणाचा साधा नियम. तो नीट पाळला गेला नाही, असा ठपका पुढे चौकशी करणाऱ्या यंत्रणांनी लेखापरीक्षकांवर ठेवला. कागद कागदाशी जुळला म्हणजे तो वस्तुस्थितीशी जुळलाच, असे नव्हे.

संस्कृतचा पंडित, डॉक्टर, अभियंता आणि लेखापरीक्षक यांची साधने किती वेगळी आहेत, हे आपण पाहिलेच. एकाचा पुरावा ताडपत्रावर, दुसऱ्याचा पिंजऱ्यात, तिसऱ्याचा तापमानाच्या तक्त्यात, चौथ्याचा बँकेच्या दाखल्यात. परंतु चौघांनी विचारावयाचे प्रश्न बारकाईने पाहावेत. नेमके काय सांगितले जात आहे? ते कशाच्या आधारावर? तो आधार सांगणाऱ्याहून स्वतंत्र आहे काय? कोणता पुरावा समोर आलेलाच नाही? कोणती गोष्ट आपण न बोलता गृहीत धरली? आणि जेवढा आधार तेवढेच जोरकस आपले अनुमान आहे काय? हे प्रश्न चारही ठिकाणी तेच आहेत. आमच्या मते पदवीधर या एका शब्दात बसणारी जी समान गोष्ट, ती हीच.

या विषयावर विद्वानांत मोठा मतभेद झालेला आहे, तो सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एनिस यांच्यासारख्या तत्त्वज्ञांचे म्हणणे असे की, कशावर विश्वास ठेवावा आणि काय करावे हे समंजसपणे ठरविण्याची कला सर्व विषयांस सामान्य आहे, ती स्वतंत्रपणेही शिकविता येते. उलट कॅनडातील जॉन मॅक्पेक यांनी १९८१ साली असे प्रतिपादिले की, विचार हा नेहमी कशाबद्दल तरी असतो; विषयाचे ज्ञान नसताना नुसती विचाराची कला शिकविणे पोकळ आहे. आम्हांस दोन्ही पक्षांत तथ्य दिसते. प्लेगच्या पिसवांचे ज्ञान नसणाऱ्याने कितीही तर्क लढविला तरी त्यास तो प्रयोग सुचणार नाही, हे खरे. पण आपल्या विषयात निष्णात असूनही ज्यास 'समोर न आलेला पुरावा कोणता' हे विचारण्याची सवय नाही, त्याची गत चॅलेंजरच्या रात्रीसारखी होते, हेही खरे. प्रश्न सर्वांचे समान, आणि उत्तराची कसोटी ज्याच्या त्याच्या शास्त्राची, अशी वाटणी केल्यास हा कलह बव्हंशी मिटतो.

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालासाठी अमेरिकेतील तत्त्वज्ञान संघटनेच्या वतीने पीटर फॅसिओन यांनी ४६ तज्ज्ञांचे मत अनेक फेऱ्यांत अजमावले. अर्थ लावणे, पृथक्करण, मूल्यमापन, अनुमान, स्पष्टीकरण आणि स्वतःच्या विचारावर स्वतःच देखरेख ठेवणे, अशा सहा शक्ती त्यांनी निश्चित केल्या. यांतील सहावी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. दुसऱ्याच्या विधानातील छिद्र कोणासही दिसते. आपल्या लाडक्या मतास तीच कसोटी लावणे कठीण. तेव्हा आम्ही आपल्यापुढे व्याख्या ठेवतो ती अशी : कोणतेही विधान स्वीकारण्यापूर्वी वा नाकारण्यापूर्वी त्याचा आधार शोधणे, तो त्या त्या शास्त्राच्या कसोटीवर तपासणे, स्वतःची गृहीते ओळखणे, आणि जेवढा आधार तेवढाच निर्णय करून नवा पुरावा येताच तो बदलण्यास सिद्ध असणे, ही सवय म्हणजे चिकित्सक विचार. यातील 'सवय' हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे. एका परीक्षेपुरते जे येते ते कौशल्य. उठता-बसता जे सुटत नाही ती सवय.

आता प्रश्न येतो की, ही सवय महाविद्यालयात लागली की नाही हे ओळखावे कसे? येथे अमेरिकेतील महाविद्यालयांच्या संघटनेने केलेला एक उपक्रम मननीय आहे. २००७ साली आरंभ करून २००९ साली त्यांनी काही गुणतक्ते प्रसिद्ध केले. अनेक महाविद्यालयांतील निरनिराळ्या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र बसून ते सिद्ध केले होते. चिकित्सक विचाराच्या तक्त्यात पाच गोष्टी पाहिल्या जातात : प्रश्न नीट मांडला काय, पुरावा तपासून वापरला काय, संदर्भ व गृहीते ओळखली काय, स्वतःची भूमिका इतर बाजू ध्यानात घेऊन मांडली काय, आणि निष्कर्ष त्यातून खरोखर निघतो काय. प्रत्येकास चार पायऱ्या ठरविलेल्या आहेत. विद्यार्थ्याने वर्षभरात केलेला खराखुरा निबंध वा प्रकल्प हाती घेऊन तो या तक्त्यावर पारखावयाचा. तक्त्याहूनही मोलाची गोष्ट अशी की, रसायनाच्या अध्यापकास इतिहासाच्या विद्यार्थ्याचा निबंध वाचावा लागतो आणि इतिहासाच्या अध्यापकास रसायनाचा. दोघांचे गुण जुळले नाहीत म्हणजे चर्चा होते, आणि त्या चर्चेतून व्याख्या खऱ्या अर्थाने समान होते. आपल्याकडे फलिते बहुधा मूल्यांकनाची तारीख जवळ आल्यावर एका रात्रीत लिहिली जातात. रकाना भरला जातो, आणि विद्यार्थ्यास त्याचा पत्ताही नसतो.

नुसती घोषणा करून हे फलित पदरात पडत नाही, याची साक्षही तेथलीच आहे. रिचर्ड अरम व जोसिपा रोक्सा यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात २४ महाविद्यालयांतील २३०० हून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी मांडली. पहिल्या दोन वर्षांत चिकित्सक विचार व लेखन यांच्या कसोटीवर ४५ टक्के विद्यार्थ्यांत सांख्यिकीदृष्ट्या दखल घ्यावी अशी प्रगतीच आढळली नाही. तीच पाहणी असेही सांगते की, ज्यांच्या अभ्यासक्रमांत आठवड्यास ४० हून अधिक पाने वाचावयाची व सत्रात २० हून अधिक पाने लिहावयाची असत, त्यांची प्रगती अधिक होती. म्हणजे औषध जुनेच आहे : वाचन आणि लेखन. २०२२ च्या अखेरीपासून विचारलेल्या प्रश्नावर क्षणात सफाईदार निबंध लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. ती वापरू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु सफाईदार वाक्य आणि खरे वाक्य यांतील भेद यंत्राच्या वाचकानेच ओळखावयाचा आहे, आणि ज्यास तो ओळखता येत नाही त्याची पदवी उद्या कोणत्या कामास येणार, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा.

येथपर्यंत महाविद्यालयांविषयी बोललो. आता थोडे आपल्याविषयी बोलावयाचे आहे, व ते वडीलधाऱ्यांनी मोठ्या मनाने ऐकून घ्यावे.

महाविद्यालयाने ही सवय लावावी आणि घराने ती मोडावी, असे झाले तर दोष कोणाचा? 'मोठ्यांना उलट बोलू नये' हा आपला संस्कार चांगला आहे; त्याचे आम्ही समर्थकच आहोत. पण उलट बोलणे निराळे आणि उलट विचारणे निराळे. 'बाबा, हे आपणांस कोठून कळले?' असे मुलीने नम्रपणे विचारले, तर तो उद्धटपणा नव्हे. तिच्या शिक्षणावर आपण केलेल्या खर्चाचे ते पहिले व्याज होय. त्या वेळी आपण आवाज चढविला, तर तिने महाविद्यालयात शिकलेले उंबरठ्याबाहेरच ठेवावे, असा धडा आपणच तिला देतो. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ साली 'सुधारक' पत्र काढून बुद्धीस न पटणाऱ्या रूढींची चिकित्सा मांडली, ती परक्यांसाठी नव्हती. आपल्याच घरांसाठी होती. तिची किंमत त्यांनी आपल्याच लोकांचा रोष सोसून दिली.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांस तर हा विषय अधिकच जवळचा आहे. जॉन ड्यूई यांचा विचार कसा करावा यावरील ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. मत आणि त्याचा आधार यांचा जागरूकपणे केलेला विचार म्हणजे शिक्षणाचे मर्म, असे ते मानीत. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस त्यांचे शिष्यत्व लाभले, आणि बाबासाहेबांनी त्या शिकवणुकीचा उपयोग केला तो जातिसंस्थेचीच चिकित्सा करण्यासाठी. १९३६ सालचा त्यांचा जातिनिर्मूलनाचा निबंध सर्वश्रुत आहे. ज्या सभागृहात एका ज्ञातीचे संमेलन भरले आहे, तेथे हे नाव घेताना आम्हांस संकोच वाटत नाही, वाटू नये. चिकित्सा ही आपल्याला सोडून इतर सर्वांस लावावयाची वस्तू असेल, तर ती न्यायशास्त्राच्या भाषेत वितंडाच ठरेल.

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांत ज्ञातीच्या उत्पत्तीची कथा, मूळ पुरुष आणि पुरातन वैभव यांचे लेख आवडीने छापले जातात. ते वाचताना आपली छाती भरून येते, हे स्वाभाविक आहे. पण त्या लेखांखाली कोणती सनद, कोणत्या सालचा कागद, तो कोणी पाहिला, हे क्वचितच आढळते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा मूळ अस्सल कागद हाच त्यांचा आग्रह होता. तोच आग्रह आपण आपल्याविषयी लिहिताना का धरू नये? जे कागदाने सिद्ध होते ते कागदासह छापावे. जे केवळ परंपरेने ऐकत आलो ते 'अशी आख्यायिका आहे' असे म्हणून छापावे. भांडारकर मंदिराने गणपतीच्या कथेस परिशिष्टात जागा दिली, म्हणून कोणाच्या घरचा गणेशोत्सव थांबला नाही. तद्वत आख्यायिकेस आख्यायिका म्हटल्याने ज्ञातीचा मान कमी होणार नाही. आपल्या शिकलेल्या मुलांच्या दृष्टीने तो वाढेलच.

केवळ उपदेश करून थांबणे आम्हांस उचित वाटत नाही, म्हणून दोन सूचना कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना शिष्यवृत्तीविषयी. ती केवळ गुणपत्रिका पाहून न देता, प्रत्येक अर्जदाराकडून दोन पानांचे लिखाण मागवावे. विषय सर्वांस एकच असावा : 'माझ्या अभ्यासविषयातील एक विधान मी खरे मानतो, ते कशाच्या आधारावर, आणि कोणता पुरावा समोर आल्यास मी माझे मत बदलीन?' वैद्यकाची मुलगी रोगाविषयी लिहील, वाणिज्याचा मुलगा ताळेबंदाविषयी. दोन भिन्न विषयांतील जाणत्या सभासदांनी ते मिळून वाचावे आणि मुलांस बोलावून आपले मत समजावून सांगावे. यास पैसा लागणार नाही. वेळ मात्र द्यावा लागेल. ज्या विद्यार्थ्याचे टक्के थोडे कमी, पण आधार स्वच्छ, त्यासही या मार्गाने न्याय मिळेल.

दुसरी सूचना संघाच्या सभेविषयी. वर्षातून एकदा तरी एखाद्या वादग्रस्त प्रश्नावर तरुणांची चर्चा ठेवावी, आणि नियम असा असावा की, प्रत्येक वक्त्याने आपले मत मांडण्यापूर्वी विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्या पक्षास मान्य होईल अशा शब्दांत सांगावे. जल्पाचे वादात रूपांतर करण्यास याहून सोपा उपाय आम्हांस ठाऊक नाही. आरंभी मुले अडखळतील, आपणही अडखळू. पण एकदा ही सवय जडली की विवाहाच्या बोलण्यापासून मालमत्तेच्या वाटणीपर्यंत घरोघरचे पुष्कळ कलह सौम्य होतील, अशी आम्हांस आशा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटी तुम्हांस एवढेच सांगावयाचे. तुमच्यापैकी प्रत्येकाचे शास्त्र वेगळे आहे, आणि त्या शास्त्राची कसोटी तुम्हांस तुमच्या गुरुजनांकडूनच शिकावी लागेल. तीत आळस करू नका. परंतु 'हे कशावरून?' हा प्रश्न तुम्हां सर्वांचा सामाईक आहे. तो दुसऱ्यास विचारताना आवाज मृदू ठेवा, स्वतःस विचारताना मात्र कठोर व्हा. आमच्या या भाषणातील विधानेही त्यातून सुटलेली नाहीत. ती तपासून पाहा, आणि जेथे आधार कमी पडेल तेथे आम्हांस निःसंकोच कळवा.